‘इतर’ म्हणून कोणास म्हणावे?

बाद पद्धतीच्या चषक-सामन्यांचा नियम मोठा कठोर आहे. जो जिंकला तो पुढच्या फेरीत गेला. जो हरला त्याने सामान बांधून घर गाठावे. शेवटी एकच संघ उरतो व त्याचेच नाव चांदीवर कोरले जाते. यामुळे विद्यार्थ्यांच्या, आणि खरे बोलावयाचे तर पालकांच्याही, मनात असा समज दृढ होतो की, ज्याचे नाव चषकावर नाही त्याचा सारा हंगाम फुकट गेला. हा समज आम्हांस घातक वाटतो. तो का, हे एका जुन्या हंगामाच्या आधारे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

तो हंगाम १९४३-४४ सालचा, मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा. या सामन्यांचा उगम १८९२ साली सुरू झालेल्या युरोपियन विरुद्ध पारशी या वार्षिक सामन्यांत आहे. १९०७ साली हिंदूंचा संघ आल्याने ते तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्याने चौरंगी झाले, आणि १९३७ साली पाचवा संघ दाखल झाला. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध इत्यादि ज्या कोणास वरील चार कप्प्यांत बसविता येईना, त्यांचा हा संघ. त्याचे नाव ठेविले ‘दि रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. वाचकहो, या नावाचा क्षणभर विचार करा. बाकीच्या चौघांस ते कोण आहेत यावरून नाव मिळाले. यांस मात्र ते कोण नाहीत यावरून मिळाले!

‘इतर’ काढण्याची ही खोड पाचव्या संघापुरतीच होती असे मात्र कोणी समजू नये. हिंदूंच्या संघातील पालवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी टिपले. परंतु ते जन्माने चांभार. म्हणून पुण्यास खेळत असता चहा मिळे तो इतरांपासून दूर, मातीच्या पेल्यातून. त्यांनी टाकलेला चेंडू चालत होता, त्यांचा पेला चालत नव्हता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस रीतसर कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधु विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांस अंतिम सामन्यात हरविले.

आता मूळ विषयाकडे वळू. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू विरुद्ध इतर असा अंतिम सामना झाला. हिंदूंनी पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व त्यांच्यावर लागलीच दुसरा डाव खेळण्याची पाळी आली. सामना तेथेच संपल्यासारखा होता. अशा वेळी सांगलीच्या एका ख्रिस्ती शाळामास्तरांचे चिरंजीव विजय हजारे यांनी जो खेळ केला, त्यास तोड मिळणे कठीण. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांच्या एकट्याच्या होत्या! उरलेल्या ७८ धावांत बाकीचे सर्व फलंदाज आणि अवांतर धावा आल्या. एवढे करूनही इतरांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला व चषक हिंदूंकडे गेला.

येथपर्यंतची हकीकत क्रिकेटचा शौक असलेल्या पुष्कळांस ठाऊक असते. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच एका आकड्याकडे जाते. पाच गडी गेल्यावर हजारे यांचे बंधु विवेक खेळावयास आले व सहाव्या गड्यासाठी दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांचा वाटा होता अवघा २१ धावांचा. या २१ धावांस चषक नाही, पदक नाही, टाळ्याही थोड्याच. परंतु क्रिकेटचा नियमच असा की, समोरच्या टोकास सोबती नसेल तर कितीही मोठ्या फलंदाजास खेळता येत नाही. विवेक लवकर बाद होते तर ३०९ चा आकडा जन्मासच आला नसता.

आपल्या आचऱ्याच्या मुलांस हे समजावून सांगण्यास फार लांब जावयास नको. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना आपण पाहतो. जाळ्याचे दोन दोर, दोन टोकांस दोन टोळ्या. एका बाजूने कितीही जोर केला आणि दुसरीने दोर ढिला सोडला, तर मासळी निसटून जाते. मासळी किनाऱ्यास आल्यावर अमक्यानेच ती ओढली असे कोणी म्हणत नाही. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो. पुळणीवर जे शहाणपण आपणांस कळते, ते शाळेच्या मैदानावर व परीक्षेच्या निकालाच्या दिवशी का विसरावे?

पंचरंगी सामने १९४६ साली बंद पडले. धर्मावरून संघ पाडण्यास महात्मा गांधींनी १९४० सालीच विरोध दर्शविला होता. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले, आणि १९५२ साली मद्रास येथे इंग्लंडवर भारताने जो पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. काल ज्यास ‘इतर’ म्हटले, तो आज सर्वांचा कर्णधार! आज देशातील एका मोठ्या स्पर्धेस त्यांचेच नाव आहे. असे असता कोकणात अद्यापि जातीजमातींच्या नावाने चषक-सामने भरविले जातात, याचा आम्हांस खेद वाटतो. वाडीने वाडीशी खेळावे, गावाने गावाशी खेळावे. त्यात गोडी आहे. परंतु ज्या संघाचे दार जन्म विचारून उघडते, तेथे कोणीतरी ‘इतर’ होऊन बाहेर उभा राहणारच.

पालकांस आमची विनंती एवढीच: मुलगा सामना हरून घरी आला की, “किती धावा काढल्यास?” हे अवश्य विचारा, परंतु “समोरच्यास साथ दिलीस का?” हेही विचारा. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास ३०९ धावा येतील. एकवीस मात्र प्रत्येकास करता येतील. त्या करीत असता आपले टोक सोडू नका, आणि आपल्या वर्गात, आपल्या गावात कोणासही ‘इतर’ म्हणू नका.