मांडणी

दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीत सदनिका घेतली, तेव्हा एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर गृहसजावटकाराला बोलावले होते. त्याने संगणकावर काही चित्रे दाखवली. खोटे छत, राखाडी भिंत आणि दाराशी पितळी घंगाळात तरंगणारी झेंडूची फुले. या कोपऱ्याला तो ‘एथनिक टच’ म्हणत होता. घंगाळाची स्वतंत्र किंमत त्याने सांगितली आणि मला हसू आवरेना. अगदी तसेच घंगाळ माझ्या आईने गिरगावातल्या चाळीत असताना मोडीत घातले होते, वजनावर, आणि त्याबदल्यात स्टीलची पातेली घेतली होती.

आईला मी दोष देणार नाही. पितळेला चिंच लावून घासण्यात आणि कल्हईवाल्याची वाट पाहण्यात ज्यांचे हात झिजले, त्यांना स्टील ही सुटकाच वाटली. विचार करण्याजोगे आहे ते पुढचे. जी वस्तू आम्ही कष्टाला कंटाळून टाकली, तीच आता कष्टांतून मोकळी होऊन, केवळ ‘रूप’ म्हणून आम्हांला विकली जात आहे. आणि हे रूप आपल्या अभिरुचीचे द्योतक आहे असे मानण्यास आपण तयार आहोत. एकाच पुस्तिकेतून निवडलेली शंभर घरे शंभर जणांची ‘वैयक्तिक शैली’ कशी काय दाखवू शकतात?

शैली हा शब्द आम्ही वर्गात रोज वापरतो. लेखकाला भाषा सर्वांचीच मिळते, शब्द तेच असतात. त्या सामाईक ऐवजाचे तो काय करतो, यात त्याची शैली दिसते. घराच्या बाबतीतही मला हेच खरे वाटते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला (पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला), आणि देवादिकांची रंगीत चित्रे मध्यमवर्गाच्या भिंतींवर आली. कलासमीक्षकांनी या छापील चित्रांना पुष्कळ नावे ठेवली आहेत. परंतु त्या चित्रांवर घरोघरच्या बायकांनी काय केले, तेही पाहावे. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी टिकल्या लावल्या. हजारोंच्या संख्येने छापलेली लक्ष्मी अशी त्या त्या घराची झाली. कल्पकतेला लागलेला खर्च म्हणजे थोडी खळ आणि एक दुपार.

ती दुपार कोणाची, हा प्रश्न मात्र टाळून चालत नाही. काटकसरीतल्या सौंदर्याविषयी आपण पुरुष मंडळी फार लवकर हळवी होतो. आमच्या दारावरचे मण्यांचे पोपटांचे तोरण, रेडिओवरचा क्रोशाचा रुमाल, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हे सारे आईच्या दुपारींतून आले. ग्रंथालयाचे पुस्तक तिच्या उशाशी कित्येकदा न वाचताच परत जाई. इंग्लंडात विल्यम मॉरिसने एकोणिसाव्या शतकात हस्तकलेचा आणि सर्वांसाठी कलेचा पुरस्कार केला, पण त्याच्या कारखान्यातल्या वस्तू परवडत असत त्या श्रीमंतांनाच. हाताने केलेल्या कामाचा मोबदला प्रामाणिकपणे दिला, तर वस्तू महाग होते. आमच्या घरांत ती स्वस्त होती, कारण मोबदला द्यायचाच नसतो असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यामुळे ‘पूर्वीची घरे किती कलात्मक होती’ असे कोणी म्हणू लागले की मी गप्प बसतो.

सजावटकाराला आम्ही चहा देऊन निरोप दिला. नंतर जे केले ते फार नाही. चुन्यात किंचित नीळ घालून भिंती पांढऱ्या करण्याचा माझा बेत सोसायटीतल्या रंगाऱ्याने हाणून पाडला. पुस्तकांसाठी विटांवर शहाबादी फरश्यांचे उरलेले तुकडे रचले. ते अजून तसेच आहेत आणि पाहुणे त्यांकडे सहानुभूतीने पाहतात. पडद्यांना सोलापुरी चादरी लावल्या. आईची जुनी लाकडी मांडणी स्वयंपाकघरात मावेना, म्हणून ती बाहेरच्या खोलीत उभी केली. तिच्यावर डब्यांऐवजी नियतकालिकांचे अंक लागले आहेत. अंकांना तळहाताएवढी जागा कमी पडते, कारण फळ्यांमधले अंतर कोणा सुताराने तांब्याच्या उंचीने ठरवले होते.

गोधडीवरून मात्र वाद झाला. आईने शिवलेली शेवटची गोधडी चौकटीत बसवून भिंतीवर लावावी, असे मी सुचवले. पत्नीने विचारले, “म्हणजे आता तिच्यावर कोणी निजायचे नाही?” मला पुण्याचे केळकर संग्रहालय आठवले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा नित्य वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांचे ऋण मोठेच आहे. पण काचेमागचा तो अडकित्ता आता सुपारी कातरत नाही. घरात आम्हांला संग्रहालय नको होते. गोधडी दिवाणावर आली.

वापरात आल्यामुळे ती विरू लागली, हे ओघाने आलेच. एका बाजूचा काठ सुटला आहे. तो आईच्या हिरव्या नऊवारीचा. पत्नी महाविद्यालयात दोन पाळ्यांत शिकवते, तिने ते शिवावे असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही, आणि हक्क तर नाहीच. म्हणून रविवारी दुपारी मी सुई घेऊन बसतो. आईचे टाके तांदळाएवढे असत. माझे त्याच्या तिप्पट लांब पडतात आणि ओळ मध्येच तिरपी होते. मुलीने ते पाहून विचारले की हे मुद्दाम असे केले आहे का. अजून सव्वा हात काठ उरला आहे.