राखीव समुद्राचे राखणदार कोण?

फिलिपिन्समधील नेग्रोस बेटाच्या आग्नेय टोकासमोर आपो नावाचे एक छोटे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 74 हेक्टर. तेथील प्रवाळ, हिरवी कासवे आणि माशांचे थवे पाहण्यासाठी स्कूबा डायव्हिंग करणारे पर्यटक जगभरातून येतात. त्यांच्या येण्यापूर्वी मात्र बेटावरील कोळी बांधवांना एक अवघड निर्णय घ्यावा लागला होता.

1970 च्या दशकात या समुद्रात स्फोटके आणि सायनाइड वापरून मासेमारी होत असे. प्रवाळ उद्ध्वस्त झाले, मासळी घटली. सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ डॉ. एंजेल अल्काला व त्यांचे सहकारी ग्रामस्थांशी दीर्घकाळ बोलत राहिले. अखेर 1982 मध्ये ग्रामस्थांनी किनाऱ्यालगतचा एक लहान पट्टा मासेमारीस पूर्ण बंद केला. 1985 मध्ये दाउइन नगरपालिकेने त्यास कायद्याचे बळ दिले. पहारा मात्र गावकऱ्यांनीच दिला.

जेथे जाळे पडत नाही तेथे मासे वाढतात. मोठी मादी कितीतरी अधिक अंडी घालते आणि वाढलेली मासळी बंदीच्या सीमेबाहेर पसरते. शेजारच्या सुमिलोन बेटावर 1974 मध्ये असेच क्षेत्र राखले गेले होते. 1984 मध्ये ते संरक्षण कोलमडले. मासेमारीला अधिक जागा मिळाली, तरी एकूण पकड घटली. लोकांची संमती टिकली नाही तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आपोलाही नव्या कसोट्यांना सामोरे जावे लागले. 1994 मध्ये ते राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र ठरले. पर्यटकांच्या शुल्कातून उत्पन्न वाढले, परंतु निर्णयाधिकार गावाकडून दूर सरकल्याची खंत व्यक्त होऊ लागली. 2011 व 2012 च्या डिसेंबरमधील चक्रीवादळांनी राखीव पट्ट्यातील प्रवाळाची मोठी हानी केली. माणसाने लावलेली शिस्त वादळ थोपवू शकत नाही. जखमी समुद्राला विसावा मात्र देऊ शकते.

फिलिपिन्सच्या बिशपांनी 1988 मध्येच आपल्या मेषपालीय पत्रात मृतवत होत चाललेल्या सागरतळाविषयी दुःख व्यक्त केले होते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचा आवर्जून उल्लेख केला.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये शासकीय अधिसूचनेद्वारे घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. उपजीविका जाईल या भीतीने मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. आता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्कूबा पर्यटन बहरले आहे. पर्यटकांच्या पैशातील वाटा कोणाला, नांगर कोठे टाकायचा, किती जणांना पाण्यात उतरू द्यायचे, हे ठरवताना रापणकरांचा व लहान होडीवाल्यांचा आवाज ऐकला जातो काय?

निसर्ग ही देवाने आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे, असे आपण मानतो. ती ठेव राखण्याचे ओझे सर्वांत गरीब माणसाच्या खांद्यावर टाकायचे आणि लाभ इतरांनी घ्यायचा, हा न्याय नव्हे. आपोच्या कोळ्यांनी त्याग केला, कारण निर्णय त्यांचा होता आणि फळही प्रथम त्यांच्याच जाळ्यात आले.