वाक्प्रचाराचे कूळ शोधावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वाक्प्रचाराचे मात्र कूळ आणि मूळ दोन्ही आवर्जून शोधावीत. कारण वाक्प्रचार म्हणजे त्या त्या समाजाने जपलेली आठवण असते. आज आपल्या घराघरांतील मुले इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या घोकतात. परीक्षेत गुण मिळतात, पण भाषा हाती लागत नाही.

इंग्रज हे दर्यावर्दी, म्हणून त्यांच्या बोलण्यात समुद्र आहे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे सर्वसाधारणपणे. पण मुळात ही शिडाच्या जहाजावरील भाषा. वारा समोरून असो वा पाठीशी, दोन्ही स्थितींत, असा तिचा आशय. 'हँड्स डाउन' जिंकणे हे घोड्यांच्या शर्यतीतून आले. विजय निश्चित दिसला की स्वार हात खाली घेऊन लगाम सैल सोडतो. म्हणून अर्थ, विनासायास. न्यूकॅसल हे इंग्लंडमधील कोळशाच्या व्यापाराचे जुने बंदर. तेथे कोळसा नेणे म्हणजे व्यर्थ श्रम. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे उभे राहिले की अर्थ घोकावा लागत नाही.

अर्थाइतकेच महत्त्व औचित्याला आहे. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, एवढेच यादीत असते. हा प्रयोग थट्टेचा आहे, हे तेथे नसते. सांत्वनपत्रात तो वापरणे म्हणजे मराठीत 'आपले वडील गचकल्याचे समजले' असे लिहिण्यासारखे आहे! 'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपे काम, हे मित्रमंडळींत शोभते. नोकरीच्या अर्जात नव्हे. वाक्प्रचार जेवणातील मिठासारखा असावा. पानभर पेरला की लेखन बेचव होते.

परक्यांच्या भाषेत आपल्याविषयीची त्यांची दृष्टीही दडलेली असते. 'जगरनॉट' म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी प्रचंड शक्ती. हा शब्द पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या नावाचा अपभ्रंश आहे. रथाच्या चाकांखाली भक्त स्वतःला झोकून देतात, अशी अतिरंजित वर्णने पाश्चात्त्य प्रवाशांनी पसरवली आणि जगाच्या पालनकर्त्याचे नाव संहाराचे वाचक झाले. तो शब्द वापरण्यास हरकत नाही. पण तो कोठून आला, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे.

याहून मोठी हानी आपण स्वतःच करतो आहोत. 'ॲट द एंड ऑफ द डे' याचे 'दिवसाच्या शेवटी' असे शब्दशः भाषांतर आता सर्रास कानी पडते. 'अखेर' हा सुटसुटीत शब्द काय वाईट होता? 'वॉर्म वेलकम'चे 'उबदार स्वागत' होते. गारठलेल्या देशात ऊब हेच सुख. आपल्या उन्हाच्या देशात आप्तांना पाहून डोळे निवतात, जीव गार होतो. हवामानच वेगळे, तेथे शब्द कसा रुजणार?

एखाद्याचा निर्णायक पराभव झाला की इंग्रज त्याला त्याचे 'वॉटर्लू' म्हणतात. तो संदर्भ 1815 मधील नेपोलियनच्या पराभवाचा. त्याच्या 54 वर्षे आधी, 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांची एक पिढी रणांगणावर पडली आणि 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार मराठीत आला. मराठी मुलाला वॉटर्लू माहीत असावे आणि पानिपताचा अर्थ विचारावा लागावा, यात दोष त्याचा नाही. तो शब्द घरात त्याच्या कानांवर पडलाच नाही.

इंग्रजी उत्तमच शिकावी. परंतु रात्रीच्या जेवणाच्या वेळी एक इंग्रजी वाक्प्रचार मुलाने सांगावा आणि त्याच आशयाचा एक मराठी वाक्प्रचार आजी-आजोबांनी सांगावा, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाला सहज पाळता येईल. त्यासाठी ना शिकवणी लागते, ना शुल्क.