शीव कोठें आहे ?

“आजोबा, शीव आणि सायन हीं दोन ठिकाणें का ?” असा प्रश्न आमच्या धाकट्या नातवानें परवां केला. ठिकाण एकच, नांवें दोन, असें मीं सांगितलें. पण याच्या उलट प्रकारही आहे. रोमन लिपींत शीवचें नांव ज्या चार अक्षरांनीं लिहितात, त्याच चार अक्षरांनीं स्वित्झर्लंडांतील व्हॅले प्रांताची राजधानीही लिहितात. माणूस संदर्भावरून भेद ओळखतो. केवळ अक्षरें जुळविणाऱ्या यंत्रानें तो कसा ओळखावा?

यावरील उपाय टिम बर्नर्स-ली व त्यांचे दोन सहकारी यांनीं २००१ सालीं एका लेखांत विस्तारानें मांडला. त्यास ‘सिमँटिक वेब’, म्हणजे अर्थ जाणणारें जाळें, असें नांव आहे. त्यांत प्रत्येक वस्तूस स्वतंत्र ओळख देतात आणि ज्ञान लहान लहान वाक्यांत मांडतात : दोन वस्तु आणि त्यांमधील संबंध. नैयायिकांचे अनुयोगी, प्रतियोगी व संबंध ज्यांनीं अभ्यासले असतील त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. २०१२ सालीं सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या खुल्या संग्रहांत मुंबईची ओळख ‘क्यू ११५६’ अशी आहे. मुंबई म्हणा, बंबई म्हणा वा बॉम्बे म्हणा, ओळख तीच.

या ओळखीस अक्षांश-रेखांश जोडले कीं तेंच ज्ञान नकाशावर बिंदुरूपानें दिसूं लागतें. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथें संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी लागे. त्या सीमेच्या रक्षणार्थच जेराल्ड आँजियर गव्हर्नर असतांना (१६६९ ते १६७७) येथील टेकडीवर किल्ला झाला. पुढें भराव पडले आणि सीमा दिसेनाशी झाली. पण शीव, धारावीचा काळा किल्ला, माहीम, वरळी व शिवडी या किल्ल्यांचे बिंदु एकाच नकाशावर उमटले, म्हणजे जुन्या मुंबईचा कांठ डोळ्यांपुढें उभा राहतो. माझ्या व्युत्पत्तीनें नातवास जें पटलें नव्हतें, तें पांच ठिपक्यांनीं पटलें.

मात्र चित्र नोंदींइतकेंच खरें असतें. अशा संग्रहांत कोणासही भर घालतां येते; त्यामुळें एखादी चूक शिरली, तर ती मक्षिकास्थाने मक्षिका या न्यायानें अनेक नकाशांवर जाऊन बसते. जुनीं स्थलनामें व त्यांचे अर्थ अजून घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या मुखीं आहेत. मुलांनीं ते विचारून घ्यावे, आधार ताडून पाहावे आणि मराठींत नोंदवावे. नाहींतर नकाशावर बिंदु राहील, सायनही राहील. शीव मात्र पुसली जाईल.