धान वाचले, पिढीचा हिशेब कोण मांडणार?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वरच्या तलावाचे पाणी बांध्यांत, बांध्यांतून निथळलेले खालच्या बोडीत, आणि बोडीतील मासळी पुन्हा गावकऱ्याच्या ताटात, असे हे पिढ्यानपिढ्यांचे चक्र आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या चक्रात रसायनांचा शिरकाव झाला.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. पुढे संकरित धानाबरोबर बीएचसीची भुकटी बांधीत आली. हिवतापाचे बळी घटले, पीक वाचले. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. शेतीतील डीडीटी १९८९ साली, बीएचसी १९९७ साली आणि एंडोसल्फान २०११ साली निषिद्ध झाले. हिवतापासाठी मात्र डीडीटी त्यानंतरही वापरात राहिले. तथापि बंदीच्या हुकमाने मातीत मुरलेले द्रव्य नाहीसे होत नाही. ते गाळातून माशाच्या आणि माशातून माणसाच्या चरबीत साठत जाते.

डीडीटीपासून शरीरात उरणारे डीडीई हे द्रव्य पुरुषी संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणते, असे अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखविले. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात घरोघर फवारणी होणाऱ्या गावांतील तरुणांची तपासणी झाली. ज्यांच्या रक्तात डीडीई अधिक, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल मंद, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. केरळमधील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर एंडोसल्फान फवारले जाई. तेथील मुलग्यांना वयात येण्यास विलंब होत असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने नोंदविले. तंबाखू, उष्णता, रोगसंसर्ग ही कारणेही आहेतच. सारा दोष रसायनांवर ढकलणे शास्त्रीय नव्हे. परंतु संशयास आधार आहे, हे नाकारता येणार नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे लाभ एकाचा आणि भोग दुसऱ्याचा, असा प्रकार आहे. अपत्यहीनतेच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोषाचा वाटा असतो. तरीही तपासण्या, अंगारे-धुपारे आणि सवतीची धास्ती हे सारे पत्नीच्याच वाट्याला येते. पुरुषाची वीर्यतपासणी साधी व स्वस्त असूनही ती शेवटी होते, किंवा होतच नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील किमतीत हा भोग कधीच धरलेला नसतो.

यावरील उपाय आवाक्याबाहेरचा नाही. चिवट रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराचे प्रादेशिक केंद्र नागपूरच्या ‘नीरी’त आहे, आणि गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तलावांतील गाळ व मासळी यांची नियमित तपासणी पहिल्या संस्थेने करावी. दुसरीने अपत्यहीन दांपत्यांत पुरुषाची तपासणी प्रथम व विनामूल्य करावी. शासनाने दोहोंचे निष्कर्ष एकत्र करून ग्रामसभांपुढे ठेवावेत. हिवतापाशी लढताना भिंतींवर किती फवारले याची नोंद शासनाने काटेकोरपणे ठेवली. त्या फवाऱ्याचे शरीरात काय उरले, याची नोंद ठेवणे हेही त्याच कर्तव्याचे उत्तरार्ध होय.