मुळगावची हद्द जुन्या नकाशावर तपासा

डिचोली : घरं, देवळं, तळं आणि शेती खाणीच्या लीजमधून वगळा, ही मुळगावच्या लोकांची मागणी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा ब्लॉक सुमारे ४७८ हेक्टरांचा. गोव्यात पोर्तुगीज काळातली खाण कन्सेशन्स १९८७च्या कायद्याने लीज झाली. गाव मात्र त्याआधीपासून आहे.

पन्नास हजारी टोपोशीटवर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तेवढ्यात आख्खा वाडा मावतो, त्यामुळे कोणाचं घर हद्दीत येतं हे त्यावरून ठरत नाही. पण आज खड्डा आहे तिथं आधी डोंगर होता की ओहोळ, ते जुनी शीट दाखवते. घराचा हिशेब एक-चौदाच्या उताऱ्यावर आणि सर्व्हे प्लॅनवर लागतो. हे सगळे कागद एकत्र ठेवून हद्द गावासमोर मोजावी. सीमेपलीकडच्या रेडी-कळणेकरांनीही आपले जुने नकाशे आताच काढून ठेवलेले बरे.