जे घरी येतं तेच टिकतं. कुलपातल्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

थोडं लांब आहे. पण ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक मशीनं त्यात बसत नाहीत. म्हणजे आज ना उद्या 'जुने झाले, नवे घ्या' ही फाइल टेबलावर येणार. टेंडर निघणार, गुत्तेदार ठरणार, जुनी मशीनं भंगारात जाणार आणि नवी मशीनं पुन्हा त्याच खोलीत, त्याच कुलपात. माझा विरोध याला आहे.

आमच्याच धंद्याचं बघा. एकेकाळी मराठी पेपर म्हणजे पेजमेकर आणि सोबत श्री-लिपी नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. अक्षरं देखणी, काम चोख. पण मागं डोंगल लावलेलं. डोंगल ज्या मशीनला, मराठी त्या मशीनला. घरी बसून बातमी टाईप करायची सोयच नाही. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता कचरा. ही सॉफ्टवेअरं मागं पडली ती कुणी त्याहून देखणी अक्षरं काढली म्हणून नाही. युनिकोड आलं आणि मोबाईलवर फुकटचा मराठी कीबोर्ड आला, म्हणून. आज धारूर-वडवणीचा वार्ताहर बांधावरून बातमी टाईप करून पाठवतो. डोंगल अजून काही टेबलांवर आहे, पण मराठी त्याच्या हातातून कधीच निसटली.

मग फुकट दिलं की झालं का? तसंही नाही. २००७ मध्ये सी-डॅकनं 'बॉस' ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम काढली. फुकट, आपल्या भाषांतली, शाळांसाठी तिची वेगळी आवृत्तीसुद्धा. तुमच्यापैकी किती जणांनी ती डोळ्यांनी पाहिली? कारण सोपं आहे. आपल्याकडं विंडोजही फुकटच होतं, चोरीचं! दुकानदार मशीन जोडतानाच सीडी घालून टाकून द्यायचा. २००१ पासून एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून गावोगाव सेंटरं निघाली, तिथं शिकवलं विंडोज आणि ऑफिस. क्लासात विंडोज, दुकानात विंडोज, घरी विंडोज. बॉसला घरात शिरायला दार कुठं होतं?

आता केरळ बघा. तिथं २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत शाळांचं कॉम्प्युटर शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आज 'काइट' ही सरकारी कंपनी ते सांभाळते. पुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर, परीक्षा त्याच्यावर आणि तेच सॉफ्टवेअर लेकराला घरच्या मशीनवर एक रुपया न देता टाकता येतं. शाळेत अर्धं राहिलेलं घरी पूर्ण होतं. म्हणून तिथं लिनक्स टिकलं. मल्याळी लेकरं काही वेगळ्या मातीची नाहीत.

आपली अडचण मोठी आहे, मान्य. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत ग्रामीण भारतात शंभरातल्या जेमतेम साडेचार घरांत कॉम्प्युटर होता. बीडची तर लाखो माणसं ऊसतोडीला जातात, घरालाच सहा महिने कुलूप. पण म्हणूनच तर मशीन घरापर्यंत न्यायला पाहिजे! ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्या लेकरासाठी शाळेतलं मशीन म्हणजे आठवड्यातून एकदा देवळाबाहेरून घेतलेलं दर्शन. त्यातून भक्त होतो, जाणकार होत नाही.

कुणी म्हणेल, टॅली विंडोजवर चालतं, नोकरीत विंडोजच लागतं. ज्याला टॅली शिकायचंय त्यानं विंडोजवर शिकावं, माझं काही म्हणणं नाही. पण सहावीच्या पोराला टॅली लागत नाही. त्याला टायपिंग, गणित, चित्रं, थोडं कोडिंग लागतं. ते सगळं जुन्या मशीनवर लिनक्स टाकून होतं. फार तर एक एसएसडी बसवावी लागेल.

म्हणून मागण्या तीनच. एक, लिनक्स टाकून तपासल्याशिवाय कुठलंही मशीन भंगारात काढायचं नाही. दोन, नवी मशीनं आलीच तर चालू स्थितीतली जुनी मशीनं गावच्या वाचनालयाला, हंगामी वसतिगृहाला द्यायची आणि सुट्टीत लेकरांना नोंद करून घरी न्यायला द्यायची. तीन, शाळेसाठी कुठलंही सॉफ्टवेअर घेताना एकच अट: लेकराला ते घरी फुकट वापरता आलं पाहिजे. नसेल तर घेऊ नका.

पुढाऱ्यांना टॅग करून काही होत नाही, उद्घाटनाचे फोटो तेवढे येतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीला जा, डेडस्टॉक रजिस्टर मागा. शाळेत किती कॉम्प्युटर, चालू किती, खोलीची किल्ली कुणाकडं, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं खाली कमेंटमध्ये लिहा, शाळेच्या नावासकट. पुढची पोस्ट तुमच्या उत्तरांचीच असेल.